जीवाश्म डायनोफ्लॅजेलेट सिस्टचं वर्णन आणि वर्गीकरण: आधी दार, मग काटे

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा डायनोफ्लॅजेलेट सिस्ट (एकपेशीय जीवांचं विश्रांतीच्या काळातलं टिकाऊ आवरण) पाहणाऱ्याचं लक्ष हमखास काट्यांकडे जातं. साहजिकच आहे. काटे देखणे असतात. काहींची टोकं दुभंगलेली, काहींची तिहेरी, काही आधाराशी एकमेकांना जोडलेले. पण सिस्ट ओळखायची सुरुवात काट्यांपासून केली की नवखा माणूस हटकून चुकीच्या जीनसमध्ये (जवळच्या प्रजातींच्या गटात) जाऊन पोहोचतो. सुरुवात करायची ती सिस्टला पडलेल्या भोकापासून. आतली पेशी ज्या दारानं बाहेर पडली, ते दार म्हणजे आर्किओपाइल. ते कुठे आहे आणि कोणत्या पट्टिका, म्हणजे कवचाचे तुकडे, निघून गेल्यामुळे तयार झालं आहे, हे कळलं की वर्गीकरणाचं निम्मं काम झालं.

या शास्त्राचा इतिहासही तेच सांगतो. एरेनबर्गनं १८३० च्या दशकात चकमकीच्या दगडात असे काटेरी गोळे पाहिले होते. पुढे शंभराहून अधिक वर्षं हे गोळे ‘हिस्ट्रिकोस्फिअर’ या नावाखाली गोळा होत राहिले, पण ते नेमके कोणाचे हे ठरत नव्हतं. १९६१ मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ विल्यम इव्हिट यांनी दाखवून दिलं, की यांतल्या अनेकांवरचे काटे डायनोफ्लॅजेलेटच्या पट्टिकांच्या रचनेनुसार मांडलेले आहेत आणि त्यांच्यावरचं भोक ठरावीक पट्टिकांच्याच जागी उघडतं. मग कोडं सुटलं. ज्यांच्यात ही खूण सापडली नाही त्यांच्यासाठी १९६३ मध्ये ‘अ‍ॅक्रिटार्क’ हा वेगळा गट करण्यात आला. तुमच्या हातातल्या नमुन्याबाबतही पहिला प्रश्न हाच: यावर पट्टिकांची खूण आहे का? नसेल, तर ती डायनोफ्लॅजेलेट सिस्ट आहे असं ठामपणे लिहू नका.

सिस्ट म्हणजे नेमकं काय

डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव. त्यांना दोन कशाभिका असतात: एक पेशीभोवतीच्या आडव्या खाचेत, म्हणजे सिंग्युलममध्ये, दुसरी उभ्या खाचेतून, म्हणजे सल्कसमधून मागे जाते. अनेकांच्या पोहणाऱ्या पेशीवर सेल्युलोजच्या पट्टिकांचं कवच असतं, पण ते पाण्यात लवकर कुजतं. जीवाश्म होते ती विश्रांतीची सिस्ट, जी सहसा लैंगिक चक्रात तयार होते आणि तळाच्या गाळात पडून राहते. तिची भिंत डायनोस्पोरिन नावाच्या चिवट सेंद्रिय द्रव्याची असते. आजच्या सर्व प्रजातींपैकी साधारण १० ते २० टक्केच अशी टिकाऊ सिस्ट बनवतात, त्यामुळे जीवाश्मांतून दिसतं ते या गटाचं अपुरं चित्र. बहुतेक सिस्ट २० ते १५० मायक्रोमीटरच्या असतात, आणि निर्विवाद जीवाश्म ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धापासून पुढे भरपूर मिळतात.

हे लक्षात ठेवायचं कारण असं: सिस्टवर जी ‘पट्टिकारचना’ दिसते ती खऱ्या पट्टिकांची नसते. ती कवचाच्या रचनेचं प्रतिबिंब असते, कधी पूर्ण, कधी अर्धवट, कधी फक्त दारापुरतं. वर्णनात हा फरक जपावा. पुढे सिस्टची ‘पट्टिका’ म्हटलं आहे तिथे त्या पट्टिकेच्या जागेचा भिंतीचा तुकडा समजावा.

नमुना तयार करणं

हा भाग थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक प्रयोगशाळेची आपली पद्धत असते. खडक फोडून आधी हायड्रोक्लोरिक आम्लात कार्बोनेट विरघळवतात, मग हायड्रोफ्लोरिक आम्लात सिलिकेट. उरलेला सेंद्रिय अवशेष १० किंवा १५ मायक्रोमीटरच्या चाळणीतून गाळतात आणि ग्लिसरीन जेलीत किंवा तत्सम माध्यमात स्लाइडवर बसवतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून आत शिरतं आणि खोलवर इजा करतं. वेदना उशिरा जाणवू शकते. प्रशिक्षण, योग्य धूरकपाट, योग्य हातमोजे आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर ते काम स्वतः करूच नका, तयार अवशेष मिळवा.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे निष्कर्षच बदलतात. अवशेष स्वच्छ दिसावा म्हणून ऑक्सिडीकरण करण्याचा मोह आवरा. पेरिडिनिऑइड गटातल्या (हा आणि गोनिऑलॅकॉइड हे सिस्टचे दोन मोठे गट), विशेषतः तपकिरी रंगाच्या, अनेक सिस्ट ऑक्सिडीकरणानं नष्ट होतात. मग स्लाइडवर दिसणारा समूह समुद्रानं ठरवलेला नसतो, तुमच्या बाटलीनं ठरवलेला असतो. कोणती प्रक्रिया किती वेळ केली, ते लेखात लिहायचं.

दिशा ठरवा

सिस्ट कशी पडली आहे हे ठरवल्याशिवाय एकही वाक्य लिहू नका. अग्र कुठे, तळ कुठे, पृष्ठीय (पाठीची) बाजू कोणती, अधर (पोटाची) बाजू कोणती? आणि डावं-उजवं नेहमी सिस्टचं, पाहणाऱ्याचं नाही.

खरा घोळ पारदर्शकपणामुळे होतो. तुम्ही वरच्या पृष्ठभागावर फोकस करता, मग खाली जाता, आणि सिस्टच्या आरपार तिची पलीकडची बाजू दिसू लागते. ती बाजू उलटी दिसते, जशी काचेच्या दारावरची अक्षरं आतल्या बाजूनं उलटी दिसतात. म्हणून प्रत्येक छायाचित्राखाली वरचा, मधला की खालचा फोकस ते लिहा, आणि पृष्ठीय बाजू समोर आहे की अधर, तेही. हे न लिहिलेल्या चित्रांवरून पट्टिकांचे क्रमांक ठरवायला गेलं, तर डाव्याचं उजवं होतं आणि पुढच्या अभ्यासकाला मूळ स्लाइड मागवावी लागते.

दिशेच्या काही खुणा भरवशाच्या आहेत. गोनिऑलॅकॉइड सिस्टमध्ये सिंग्युलमची दोन टोकं अधर बाजूला एका पातळीवर नसतात. सिस्टच्या डावीकडचं टोक वर, उजवीकडचं खाली. पेरिडिनिऑइडमध्ये तळाच्या दोन शिंगांपैकी उजवं बहुधा आखूड असतं. आर्किओपाइल एकाच पट्टिकेचं असेल, तर ते सहसा पृष्ठीय बाजूच्या मध्यावर असतं. अग्रभाग पूर्ण निघून गेला असेल, तर भोकाच्या कडेवर सल्कसच्या जागी एक खाच शोधा. ती अधर बाजू. अरिओलिजेरा आणि ग्लॅफायरोसिस्टा यांच्या कुलात ही खाच मध्यरेषेपासून बाजूला सरकलेली असते, आणि ते त्या कुलाचं मोठं लक्षण आहे.

यासाठी एकच नमुना पुरत नाही. त्याच प्रकारच्या वेगवेगळ्या बाजूंनी पडलेल्या अनेक सिस्ट पाहाव्या लागतात.

दार शोधा

फाटणं आणि आर्किओपाइल यांत फरक करायला आधी शिका. फाटलेली कड वेडीवाकडी असते आणि प्रत्येक नमुन्यात वेगळ्या जागी. आर्किओपाइलची कड पट्टिकेच्या सीमेनं जाते, तिला ठळक कोन असतात, आणि ती प्रत्येक नमुन्यात त्याच जागी येते. निघालेला तुकडा म्हणजे झाकण, ऑपर्क्युलम. ते पूर्ण सुटलेलं आहे की एका बाजूनं चिकटून राहिलं आहे, की सिस्टच्या आत पडलं आहे, तेही नोंदवा. काही प्रजातींत सुटलेली झाकणंच वेगळी सापडतात. ओडोन्टोकायटिनात अग्रशिंगासकट निघालेलं झाकण स्लाइडवर एकटं पडलेलं दिसतं, आणि नवख्याला तो वेगळाच जीव वाटतो.

दाराचे मुख्य प्रकार असे. अग्रपट्टिका निघाल्या तर अग्रीय. अग्र आणि सिंग्युलमपूर्व पट्टिकांच्या मधली आंतरपट्टिका निघाली तर आंतरीय. सिंग्युलमच्या लगेच वरची पट्टिका निघाली तर सिंग्युलमपूर्व. शिवाय या पट्टिकांचे एकत्र गटही निघतात, आणि होमोट्रिब्लियमसारख्या जीनसमध्ये सिंग्युलमच्या वरचा सगळा अर्धा भागच सुटतो.

स्पिनिफेराइटिसमध्ये सिंग्युलमपूर्व तिसरी पट्टिका निघते. डेफ्लॅन्ड्रिया आणि वेट्झेलिएला या दोन्हींत दुसरी आंतरपट्टिका निघते, पण डेफ्लॅन्ड्रियात ती पट्टिका षट्कोनी आणि वेट्झेलिएलात चौकोनी. पट्टिका तीच, तिच्या बाजूंची संख्या वेगळी, आणि त्या एका फरकावर उपकुलं वेगळी होतात. म्हणून दाराचं चित्र हातानं काढा, कोन मोजा. छायाचित्र काढलं म्हणजे निरीक्षण झालं असं नाही.

पट्टिका मोजा

पट्टिकांना क्रमांक देण्याची कोफॉइड यांची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. अग्रपट्टिकांना एक छोटी तिरकी रेघ (′), सिंग्युलमपूर्व पट्टिकांना दोन (″), सिंग्युलमोत्तर पट्टिकांना तीन (‴), तळपट्टिकांना चार (⁗). प्रत्येक ओळ अधर बाजूला सिस्टच्या डावीकडून मोजायला घ्यायची आणि पृष्ठीय बाजूनं फिरून परत अधर बाजूला यायचं. म्हणजे स्पिनिफेराइटिसचं दार ३″.

दोन आराखडे पाठ असावेत. नेहमीच्या गोनिऑलॅकॉइड रचनेत ४ अग्र, ६ सिंग्युलमपूर्व, ६ सिंग्युलमच्या, ६ सिंग्युलमोत्तर, मागची १ आंतरपट्टिका आणि १ तळपट्टिका. पेरिडिनिऑइड रचनेत ४ अग्र, पुढच्या ३ आंतरपट्टिका, ७ सिंग्युलमपूर्व, ५ सिंग्युलमोत्तर, २ तळपट्टिका. तळाशी एक पट्टिका की दोन, हा प्रश्न पुष्कळदा गण (कुलाच्या वरचा गट) ठरवून देतो.

कोफॉइड पद्धतीची एक मर्यादा आहे. ती पट्टिकेच्या जागेवर चालते. एखादी पट्टिका अग्राला टेकते की थोडक्यात राहते, एवढ्यावर तिचा क्रमांक बदलू शकतो, जरी उत्क्रांतीच्या दृष्टीनं ती तीच पट्टिका असली तरी. टेलर आणि इव्हिट यांची पद्धत समजात (उत्क्रांतीच्या दृष्टीनं एकच असलेल्या) पट्टिकांना एकच खूण देते. सुरुवातीला कोफॉइडनं लिहा, पण दोन जीनसची तुलना करताना केवळ क्रमांक जुळले म्हणून हुरळून जाऊ नका.

आता काटे

पट्टिका कळल्यावर काटे बोलू लागतात. काटा पट्टिकेच्या मध्यावर आहे, पट्टिकांच्या सीमेवर आहे, की पट्टिकांशी संबंध नसल्यासारखे काटे सगळीकडे विखुरले आहेत? तीन काटेरी गोळे शेजारी ठेवा. हिस्ट्रिकोस्फेरिडियम: प्रत्येक पट्टिकेवर मध्यात एक पोकळ काटा, दार अग्रीय. स्पिनिफेराइटिस: काटे सीमांवर, दार ३″. ऑपर्क्युलोडिनियम: काटे विखुरलेले, दार तेच ३″. दुरून तिन्ही सारखेच दिसतात.

स्पिनिफेराइटिसमधली एक रचना मला फार आवडते. जिथे तीन पट्टिका एकत्र येतात, तिथल्या काट्याचं टोक तिहेरी फुटतं. दोन पट्टिकांच्या मधल्या सीमेवरचा काटा दुहेरी फुटतो. म्हणजे सीमारेषा पुसट असल्या तरी काट्यांची टोकं पाहून नकाशा परत मांडता येतो.

काट्यांच्या लांबीवरून सिस्टचा ढोबळ प्रकार ठरतो. लांबी मुख्य शरीराच्या व्यासाच्या १० टक्क्यांपर्यंत असेल तर प्रॉक्सिमेट, १० ते ३० टक्के असेल तर प्रॉक्सिमोकोरेट, त्याहून जास्त असेल तर कोरेट. भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटून मध्ये पोकळी राहिली असेल तर कॅव्हेट. ती पोकळी सगळीकडे आहे, फक्त शिंगांत आहे, की दोन टोकांना आहे, ते लिहा. भिंत एकपदरी की दुपदरी, पृष्ठभाग गुळगुळीत, कणीदार की जाळीदार, काटे पोकळ की भरीव, टोकं बंद की उघडी, हे सगळं याच टप्प्यावर. इथे ऑइल इमर्शन लागतं, आणि शक्य असेल तर स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकही; मात्र त्याखाली आतली भिंत दिसत नाही, म्हणून प्रकाश सूक्ष्मदर्शक सोडून चालत नाही.

मोजमाप आणि बदलाची व्याप्ती

एका सुंदर नमुन्यावरून प्रजाती उभी करू नये, असं माझं ठाम मत आहे. शक्य तिथे निदान २०-३० नमुने मोजा: शरीराची लांबी आणि रुंदी, काट्यांची सर्वांत जास्त लांबी, दाराची रुंदी. किमान, सरासरी आणि कमाल आकडे द्या, किती नमुने मोजले ते सांगा, आणि होलोटाइपची (ज्या एका नमुन्यावर प्रजातीचं नाव बेतलेलं असतं त्याची) मोजमापं वेगळी द्या. शरीर मोजताना काटे धरले की वगळले, हे न लिहिल्यास आकडे निरुपयोगी होतात.

हा आग्रह का, ते लिंग्युलोडिनियम मॅकीरोफोरम पाहिलं की समजतं. ही सिस्ट आजही तयार होते, आणि तिच्या काट्यांची लांबी पाण्याच्या खारटपणाबरोबर बदलते. पाणी जितकं कमी खारट, तितके काटे आखूड. हे माहीत नसताना कोणी आखूड काट्यांचे नमुने वेगळे काढून त्यांना नवं नाव दिलं, तर त्यानं प्रजाती शोधली नाही, खाडीचं पाणी मोजलं. दोन टोकांच्या मधले नमुने सलग मिळत असतील, तर ती एकच प्रजाती धरा आणि बदल वर्णनात लिहा. दरी दिसत असेल, आणि ती दरी दोन-तीन लक्षणांत एकाच वेळी दिसत असेल, तेव्हाच वेगळेपणाचा विचार करा. चुरगळलेल्या, दबलेल्या नमुन्यांचा आकार बदलतो, हेही ध्यानात असू द्या.

आधीच्या नावांशी तुलना

जीनस आधी, प्रजाती नंतर. भिंत, दार, पट्टिकारचना आणि काट्यांची मांडणी यांवरून जीनस ठरवा. मग त्या जीनसमधल्या सगळ्या प्रजातींची यादी काढा. लेंटिन आणि विल्यम्स यांनी १९७३ मध्ये सुरू केलेली नावांची सूची पुढे ‘डिनोफ्लाज’ या डेटाबेसमध्ये आली. जीवाश्म नावांची वैधता, समानार्थी नावं आणि मूळ संदर्भ तिथून शोधता येतात. पण सूचीवर थांबू नका. प्रत्येक जवळच्या प्रजातीचं मूळ वर्णन आणि होलोटाइपचं चित्र पाहा. नंतरच्या लेखकांनी त्याच नावाखाली छापलेली चित्रं पुष्कळदा मूळ प्रजातीची नसतात.

कुल आणि गण यांसाठी फेन्सम आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेलं वर्गीकरण आधार म्हणून सर्वत्र वापरलं जातं. त्यात जिवंत आणि जीवाश्म दोन्ही एकाच चौकटीत बसवले आहेत. तरी सिस्टचं नाव आणि पोहणाऱ्या पेशीचं नाव वेगळं ठेवण्याची पद्धत टिकून आहे, आणि त्याला कारण आहे. गाळातल्या जिवंत सिस्ट उबवून पाहिल्यावर गोनिऑलॅक्स स्पिनिफेरा या एका नावाखालच्या पेशींचं नातं अनेक वेगवेगळ्या सिस्टशी जुळलं. जीवाश्माबाबत तर उबवण्याचा प्रश्नच नाही.

जुळणी पक्की होत नसेल, तर नाव देण्याची घाई नको. जीनसच्या नावापुढे ‘एसपी. ए’ (म्हणजे अजून नाव न दिलेली प्रजाती) लिहा, किंवा जवळच्या प्रजातीशी तुलना दाखवणारं ‘सीएफ.’ वापरा, चित्र द्या, मोजमाप द्या. नीट चित्रित केलेली निनावी सिस्ट पुढच्या माणसाच्या कामी येते. घाईनं दिलेलं नाव मात्र सूचीत कायमचं अडकतं.

नवं नाव द्यायचंच असेल तर

जीवाश्म सिस्टना शैवाल, कवक आणि वनस्पती यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता लागू होते. काही अटी काटेकोर आहेत. १९९६ पासून नव्या जीवाश्म प्रजातीचं वर्णन किंवा निदान (वेगळेपणाची लक्षणं) लॅटिन किंवा इंग्रजीत असावं लागतं. मराठीत कितीही नेमकं लिहिलं तरी नाव वैध ठरत नाही, म्हणून मराठी वर्णन सोबत द्या, ऐवजी नाही. चित्र अनिवार्य, आणि २००१ पासून एक चित्र होलोटाइपचंच आहे असं स्पष्ट लिहावं लागतं. होलोटाइप म्हणजे एकच नमुना, आणि तो कोणत्या संस्थेच्या संग्रहात ठेवला आहे, ते लेखात हवंच.

लॅटिन विशेषण जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं. ‘डिनियम’नं संपणारी नावं नपुंसकलिंगी, ‘सिस्टा’नं संपणारी स्त्रीलिंगी, ‘आइटिस’नं संपणारी पुल्लिंगी. म्हणून ऑपर्क्युलोडिनियम सेन्ट्रोकार्पम, पण स्पिनिफेराइटिस रामोसस.

मग निदान लिहा. निदान म्हणजे ही प्रजाती इतरांपासून कशानं वेगळी, एवढंच, दोन-चार वाक्यं. त्यानंतर सविस्तर वर्णन: आकार, भिंत, काटे, पट्टिकारचना, दार, मोजमाप, मग जवळच्या प्रजातींशी तुलना, आणि नमुना कोणत्या ठिकाणच्या, कोणत्या थरातला आणि कोणत्या वयाचा, ते. ‘काटे लांब व नाजूक’ असं लिहू नका. ‘काटे पोकळ, पट्टिकेच्या मध्यावर प्रत्येकी एक, लांबी शरीराच्या व्यासाच्या सुमारे ४० टक्के, टोकं उघडी व कड दातेरी’ असं लिहा. पहिलं वाक्य वाचून कोणालाही काही तपासता येत नाही; दुसरं वाचून तुमच्याशी असहमत असणाऱ्यालाही तपासता येतं.

होलोटाइपसाठी शक्यतो एकच सिस्ट असलेली स्लाइड करा. ते जमलं नाही, तर नमुन्याभोवती वर्तुळ काढा आणि इंग्लंड फाइंडरवरची (स्लाइडवरची जागा दाखवणाऱ्या, चौकटी आखलेल्या काचपट्टीवरची) जागा लिहा, कारण सूक्ष्मदर्शकाच्या मंचावरचे आकडे दुसऱ्या यंत्रावर जुळत नाहीत. ग्लिसरीन जेली वाळू नये म्हणून कडा नीट बंद करा. स्लाइड संग्रहालयात पाठवण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी फक्त फाइंडरची जागा सांगा आणि दुसऱ्या सूक्ष्मदर्शकावर ती सिस्ट शोधायला लावा.